निवडून ठेवलेलं बी

ही पुस्तिका राहीबाई सोमा पोपेरे यांना शास्त्रज्ञ म्हणते. मुखपृष्ठावरच म्हणते, आणि निम्मे वाचक तिथंच अडणार. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांच्या नावापुढे कुठली पदवी नाही, ज्यांच्या नावावर एक शोधनिबंध नाही, त्यांना शास्त्रज्ञ म्हणायचं ते कोणत्या हिशेबानं? बुटीबोरीत हा प्रश्न जास्तच जोरात विचारला जाईल. इथं औद्योगिक वसाहत आहे, पॉलिस्टरचा धागा काढणारे मोठे कारखाने आहेत आणि ‘लॅब’ काय असते ते घरोघर ठाऊक आहे. कुणाचा पुतण्या, कुणाची सून क्वालिटीत कामाला असते. त्यांना विचारलं तर ते सांगतील की नमुना घ्यायचा, ठरलेल्या कसोटीवर तपासायचा, उतरला नाही तर बाजूला काढायचा आणि नोंद ठेवायची. राहीबाई गेली कितीतरी वर्षं हेच करत आल्या आहेत. त्यांचा नमुना म्हणजे वालाची शेंग किंवा भाताची लोंबी, आणि नोंदवही त्यांच्या डोक्यात.

विदर्भातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. राहीबाईंचा तालुका अकोले, आपला अकोला नव्हे. जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. गाव कोंभाळणे. तालुक्यात कळसूबाईचं शिखर आहे, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. भंडारदऱ्याचं धरण आहे, हरिश्चंद्रगड आहे. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे सरकत जावं तसतसा झपाट्यानं आटतो. एकाच तालुक्यात भाताची तुडुंब खाचरं आहेत, नागली-वरईचे उतार आहेत आणि जेमतेम पावसावर भागवणारी जमीनही आहे. इतक्या थोड्या अंतरात इतकी तऱ्हा बदलत असेल, तर एका वाणानं कुणाचंच भागत नाही. काळभात, रायभोग, आंबेमोहर, जिरवेल ही भाताचीच नावं. वालाच्या आणि घेवड्याच्या तऱ्हा तर त्याहून अधिक. आपण ज्याला पोपट म्हणतो आणि तुरीच्या धुऱ्यावर चार वेल लावून मोकळे होतो, त्याच्या शेंगा तिकडे रुंद, अरुंद, जांभळ्या, हिरव्या, लवकर येणाऱ्या, उशिरा येणाऱ्या अशा कितीतरी निघतात. हे वैविध्य डोंगरानं आणि पावसानं घडवलं, पण एकट्या डोंगरपावसाच्या जिवावर ते टिकलेलं नाही.

राहीबाई महादेव कोळी समाजातल्या. जन्म १९६४ चा. घरची गरिबी, शाळा नाही, लहानपणापासून शेतातली कामं आणि लग्नानंतरही तीच. पुढे त्यांनी पडीक जमिनीचा दोन एकरांचा तुकडा पावसाचं पाणी अडवून भाजीपाल्याखाली आणला. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेली ‘बाएफ’ ही संस्था अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात काम करत होती. तिच्या मदतीनं राहीबाई सुधारित भातलागवड शिकल्या, परसात कोंबड्या पाळायला शिकल्या, रोपवाटिका चालवायला लागल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘देशी बियाणं’ म्हटलं की आधुनिकाकडे पाठ फिरवलेली एक बाई अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. तसं काहीच नाही. उपयोगाचं दिसलं ते त्यांनी घेतलं, आणि घेताना हातातलं सोडलं नाही.

या पुस्तिकेची मुख्य गोष्ट मला याच ठिकाणी दिसते. राहीबाईंच्या कामाला सगळे ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणतात. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यात एक चलाखी लपलेली आहे. परंपरा म्हटलं की ज्ञान साऱ्या समाजाचं होतं, आणि साऱ्या समाजाचं झालं की ते कुणाही एकाचं उरत नाही. मग नाव लिहायला नको, श्रेय द्यायला नको, मानधनाचा तर विषयच नको. प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. बी राखण्याची रीत त्या पट्ट्यातल्या प्रत्येक आजीला ठाऊक होती. आपल्याकडेही ठाऊक होती. तरी घरोघरचं बी सरलं. रीत सगळ्यांकडे होती, बी मात्र थोड्यांकडेच उरलं. या थोड्यांनी दरवर्षी काहीतरी ठरवलं होतं: कोणतं ठेवायचं, किती ठेवायचं, कुठून मागून आणायचं, कुणाला द्यायचं. या ठरवण्याला बुद्धी लागते आणि हट्टही लागतो. राहीबाईंनी शंभराहून अधिक वाण जमवले ते आजूबाजूच्या गावांत फिरून, म्हाताऱ्या बायांच्या मडक्यांत आणि माळ्यांवर उरलेलं शोधून. ते आपोआप वारशानं चालत आलेलं नाही.

बी निवडणं म्हणजे काय, हे पुस्तिकेच्या दुसऱ्या भागात चित्रांसह दिलं आहे. मी इथं फक्त त्यामागचं कारण सांगतो, कारण शाळेतल्या पोरांना कारण कळलं की कृती लक्षात राहते. भात आणि वाल ही बहुतांशी स्वतःच्याच परागावर दाणा धरणारी पिकं. त्यांचे दोन वाण थोड्या अंतरानं लावले तरी सहसा मिसळत नाहीत, म्हणून एका कुटुंबाच्या थोड्याशा जमिनीत त्यांचे कितीतरी वाण राखता येतात. दुधी, दोडका, काकडी यांचं तसं नाही. तिथं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधमाशी या वेलावरून त्या वेलावर जाणार आणि पुढच्या वर्षी भलतंच फळ हाती येणार. त्यांच्यासाठी अंतर ठेवावं लागतं, किंवा फूल बांधून हातानं पराग लावावा लागतो. बियाण्याचं झाड निवडताना वावराच्या कडेचं घ्यायचं नाही. कडेच्या झाडाला ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा दणकट दिसतं आणि आपल्याला फसवतं. मधल्या गर्दीत जे उठून दिसेल ते खरं. रोगट झाड आधीच उपटून टाकायचं, पीक निघाल्यावर नव्हे. ‘नियंत्रित तुलना’ हा शब्द मी पदवीला शिकलो. त्यातला कडेच्या झाडाचा मुद्दा शेतात बी राखणाऱ्या बायांना माझ्या आधीपासून ठाऊक होता.

साठवणुकीचंही तसंच. बियाण्याचे दोन वैरी, ओल आणि उष्णता. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन या संशोधकाचा एक ठोकताळा शिकवतात. बियातली ओल एका टक्क्यानं कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ठोकताळाच तो, त्याला मर्यादा आहेत, पण दिशा बरोबर आहे. आता मडकं पाहा. बी कडकडीत वाळवायचं, राखेत मिसळायचं, मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं आणि घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. राख उरलीसुरली ओल शोषते. तिचे बारीक कण भुंग्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडतात आणि तो सुकून मरतो. दाण्यांमधल्या फटी राखेनं भरल्या की त्याला हिंडायलाही जागा राहत नाही. कडुलिंबाचा पाला घालतात तोही कीड दूर ठेवण्यासाठीच. यात मंत्र नाही, चमत्कार नाही. प्रत्येक पायरीचं भौतिक कारण सांगता येतं, आणि या पुस्तिकेत ते सांगितलं आहे.

आता एक अवघड जागा. राहीबाई या कामाकडे कशा वळल्या, याची त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिगत अशी की त्यांचा नातू सारखा आजारी पडू लागला. घरात येणारा संकरित, फवारलेला भाजीपाला याचं कारण असावं असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांनी देशी बियाण्याची भाजी घरापुरती पिकवायला सुरुवात केली. ही हकिगत सगळे लेख मोठ्या कौतुकानं सांगतात. मला तिच्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. एका मुलाच्या आजारावरून भाजीच्या वाणाबद्दल काही सिद्ध होत नाही. संकरित वाण संकरित आहे म्हणून पोटाला अपाय करतो, याला आधार नाही. फवारणीच्या विषाची गोष्ट निराळी, ती वाणाची नसून वापराची आहे, आणि देशी वांग्यावरही तेच औषध मारलं तर धोका तोच. हे स्पष्ट लिहावं की नाही, यावर पुस्तिका तयार करताना आमच्यात बराच वाद झाला. माझं मत लिहावं असंच होतं. ज्या बाईला आपण शास्त्रज्ञ म्हणतो तिचा पहिला तर्क तपासायचा नाही, हा तिचा मान कसला? विज्ञानात कितीतरी मोठी कामं अर्धवट बरोबर तर्कावरून सुरू झालेली आहेत. तर्कानंतर त्या माणसानं काय केलं, ते महत्त्वाचं.

राहीबाईंनी जे केलं त्याचा आरोग्याशी असलेला संबंध मात्र पक्का आहे, आणि तो नातवाच्या गोष्टीहून मोठा आहे. डोंगरातल्या गरीब घरात बाजाराची भाजी रोज येत नाही. परसात पाच-सहा तऱ्हांचे वेल आणि पालेभाज्या असतील तर आलटून पालटून वर्षातले बरेच महिने ताटात काही ना काही हिरवं पडतं. वालाच्या वाळल्या दाण्यात साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम निघतं, तर पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आसपास. गरोदर बाई, अंगावर पिणारं मूल, वाढत्या वयाची मुलगी यांच्यासाठी या आकड्यांना किती अर्थ आहे ते आमच्या अंगणवाडीताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ मिळतो, त्यानं पोट भरतं आणि ते लहान काम नव्हे. पण ताटातली विविधता रेशनमधून येत नाही, ती परसातून येते. त्यासाठी बी फुकट किंवा उसनं मिळावं लागतं, कारण दर हंगामाला दहा तऱ्हांच्या पुड्या विकत घेणारी परसबाग गरिबाच्या घरी टिकत नाही.

आणि जुनं ते सगळंच सोनं असंही समजू नये. त्यासाठी अकोल्याला जायला नको. आपल्याच पूर्व विदर्भातली लाखोळी घ्या. भाताच्या बांधीत ओलीवर येणारी, काटक, स्वस्त डाळ. पण तिच्यातलं एक विषद्रव्य, विशेषतः दुष्काळात तीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की, पाय कायमचे लुळे करतं. म्हणून अनेक वर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती. देशी वाणांचं राखणं आणि देशी वाणांचं तपासणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. नुसतं पहिलं केलं तर भक्ती होते.

शास्त्रज्ञ कोणाला म्हणायचं, हा वाद विदर्भाला नवा नाही. दादाजी खोब्रागडे आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या भाताच्या वाणात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि त्यातून बारीक दाण्याचा तो तांदूळ आला ज्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडलं. बुटीबोरीच्या कोणत्याही किराणा दुकानात हा तांदूळ मागा, मिळेल. कृषी विद्यापीठानं तो शुद्ध करून १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून प्रसारित केला. दादाजींना सन्मान मिळाले, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, पण बियाण्याच्या कमाईत त्यांचा वाटा किती राहिला, ही कहाणी दुःखाचीच आहे. ३ जून २०१८ रोजी ते गेले. राहीबाई आणि दादाजी यांच्यात फरक आहे. दादाजींनी नवा वाण निवडून काढला, राहीबाईंनी असलेले वाण मरू दिले नाहीत. विज्ञानाच्या बाजारात पहिल्याला थोडीफार किंमत आहे. दुसऱ्याला ‘जतन’ म्हणतात आणि पाठ थोपटतात.

जतनाचंही विज्ञान असतं, आणि जगानं त्याची किंमत कधीकधी जिवानं मोजली आहे. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञानं जगभर फिरून लेनिनग्राडला बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला तेव्हा तिथले काही संशोधक धान्याच्या पोत्यांमध्ये बसून उपासमारीनं मेले, पण बियाण्याला हात लावला नाही. वाविलोव स्वतः १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मेले. आज नॉर्वेतल्या स्वालबार्डला, २००८ पासून, उणे अठरा अंशांवर जगभरची बियाणी ठेवलेली आहेत. आपल्या दारातही असा संग्रह आहे. बुटीबोरीहून नागपूरला निघालं की वर्धा मार्गावरच पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. देशातल्या कापसाच्या वाणांचा मोठा साठा तिथं आहे. आपण बसच्या खिडकीतून तिची पाटी रोज पाहतो.

थंड कोठार आणि मडकं ही एकमेकांची जोड आहे. कोठारातलं बी वर्षानुवर्षं झोपून राहतं, मडक्यातलं दर एक-दोन वर्षांनी शेतात जावंच लागतं, नाहीतर उगवण जाते. ती मडक्याची कमजोरी, आणि तीच त्याची ताकदही. दरवेळी शेतात गेलेलं बी त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीची कीड सोसून परत येतं आणि थोडं बदलून येतं. कोठारातल्या बियाला गेल्या तीस वर्षांत पावसाचं काय झालं ते माहीत नसतं. म्हणून राहीबाईंच्या कोंभाळण्यातल्या बीज बँकेसारखी बँक देण्याघेण्यावर चालते. अशा गावबँकांची सर्वसाधारण रीत अशी की बी न्यायचं आणि पीक आलं की दीडपट-दुप्पट परत आणून द्यायचं. ज्या बँकेतून कुणी उसनं नेत नाही ती बंद पडली असं समजावं. अकोल्यात या कामासाठी कळसूबाई परिसराच्या नावानं देशी बियाणे संवर्धनाची समिती आहे, आणि राहीबाईंच्या आसपासच्या अनेक बाया हे काम करतात. पुस्तिकेत राहीबाईंचाच फोटो मोठा आहे, हे मला खटकतं. पण निदान एक नाव तरी लोकांना पाठ झालं, हेही खरं.

ते पाठ झालं २०१८ नंतर. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं, बीबीसीच्या त्या वर्षीच्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव आलं, केंद्र सरकारचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सत्काराबद्दल याहून जास्त लिहीत नाही, ते सगळीकडे सापडेल.

त्यांच्या शिकवण्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं आहे. बियाण्याची निवड कशी करायची, मातीचा कस कसा राखायचा, कीड कशी आवरायची हे त्या शेतकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना शिकवतात. स्वतः शाळेत न गेलेली बाई शेतकी शिकणाऱ्यांसमोर उभी राहते तेव्हा तिच्याकडे फळा नसतो, हातात दाणा असतो. दाणा बोटांत फिरवून, दातानं फोडून, वास घेऊन सांगायचं. हे शिकवणं उत्तम आहे, आणि नाजूकही. वही डोक्यात असते तेव्हा माणसाबरोबर वही जाते. आदिवासी पट्ट्यातल्या शाळेत वालाच्या एकाही वाणाचं नाव मुलाला शिकवलं जात नाही, आणि ज्या घरात ती नावं होती त्या घरातली मुलगी आश्रमशाळेत राहून दहावी होते तेव्हा नावं मागे राहतात. आरोग्य आणि शिक्षण ही आपण दोन वेगळी खाती मानतो. कोंभाळण्याच्या परसात ती वेगळी नाहीत.

बुटीबोरीच्या वाचकानं याचं काय करायचं? इथल्या कितीतरी घरांची वावरं वसाहतीत गेली, उरली ती लेआउटमध्ये जात आहेत. पऱ्हाटीचं बियाणं २००२ नंतर बहुतेक संकरित बीटीच झालं. त्याची सरकी पुढच्या वर्षी लावली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर मृगाला दुकानात जावं लागतं. घरची सरकी ठेवणारा शेतकरी आता म्हातारा झाला. पण मिरची आहे. भिवापूरची मिरची आपल्याच जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकन आहे, तसंच वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला. बरबटी आहे, पोपट आहे, डांगर आहे, गावरान वांगी आहेत. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. अट एवढीच की कुणाच्या नोंदणीकृत वाणाचं बियाणं छाप लावून विकू नये. क्वार्टरच्या मागच्या दोन फूट जागेतही पोपटाचा एक वेल चढतो.

म्हणून पुस्तिकेची शेवटची पानं कोरी ठेवली आहेत. त्यांत पाच रकाने आहेत: वाणाचं घरातलं नाव, कुणाकडून मिळालं, कधी पेरलं, कधी निघालं, किती उगवलं. उगवण मोजायची रीत सोपी आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, गोणपाट कोरडं पडू द्यायचं नाही, आठवड्यानं मोजायचे. शाळेनं हे उन्हाळ्याच्या सुटीआधी केलं तर मृगापर्यंत बी बदलायला वेळ मिळतो. दुसऱ्या रकान्याबद्दल एक विनंती. तिथं ‘गावातून’ किंवा ‘आजीकडून’ असं लिहून मोकळं होऊ नये. त्या बाईचं पूर्ण नाव आणि गाव, तिला विचारून, लिहावं. तिच्याकडचं एखादं बी सरून गेलं असेल तर ते कोणतं आणि कधीपासून नाही, तेही त्याच ओळीत लिहावं.

बुटीबोरी, जि. नागपूर